माळशिरसची गाडी

आधीच सांगते, सगळं निभावलं. कुणाचं घर मोडलं नाही, कुणी रडलं नाही. रडले ती मी, आणि तेही हसता हसता. म्हणूनच सांगायला बसलेय, नाहीतर माझ्या तोंडून शब्द निघाला नसता. आणि हो, यातली नावं मी बदललीत. फक्त सोजरबाईंचं नाव खरं आहे, ते त्यांना विचारून ठेवलंय. गावाचं नाव विचारू नका. सोलापुरातून कुंभारीकडं निघालं की पुढं कुठंतरी, एवढं पुरे. एसटीचे थांबे पुढं येतील, तेही बदललेत, उगाच डोकं चालवू नका. नावं झाकायचं हे शहाणपण मला फार उशिरा आलं, आणि ते सोजरबाईंमुळं आलं.

मी तिथल्या आरोग्य केंद्रात डेटा ऑपरेटर. प्रियदर्शनी माझं नाव, पण गावात सगळे मॅडमच म्हणतात. आशाताया घरोघर फिरून माहिती आणतात, ती मी कॉम्प्युटरवर भरते. कुणाला कितवा महिना, कुणाला टीबीच्या गोळ्या, कुणाचं ऑपरेशन, कुणाचं काय. मला राग लवकर येतो, ते मी लपवत नाही. नेट जातं, पोर्टल बसतं, वरून फोन येतात, आणि समोर सोजरबाई!

सोजरबाई बावन्न वर्षांच्या. अठरा वर्षं आशाचं काम करतात. आठवी शिकलेल्या, पण अक्षर असं की कुणीही वाचावं. घरात शिरल्या की आधी तांब्याभर पाणी पितात, मग घरातल्या सगळ्या बायकांना खाली बसवतात. सासू असो नाहीतर सरपंचाची बायको, त्यांच्यापुढं उभं राहून बोलायची टाप नाही. अशी बाई. पण तिची डायरी बघितली की माझं डोकं फिरायचं.

कारण डायरीत एका बाईचं नाव नव्हतं. नावाच्या रकान्यात सगळे एसटीचे थांबे. मोहोळ. शेटफळ. माळशिरस. नातेपुते. त्यांचे मालक रावजी एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. लग्न झालं तेव्हा ते सोलापूर-नातेपुते गाडीवर होते. "नव्या नवरीशी बोलायला ह्यास्नी दुसरं कायच सुचंना," सोजरबाई सांगायच्या, "रोज थांबेच सांगायचे. मला बी पाठ झाले." ते थांबे पुढं असे कामाला आले. गावातली एकेक बाई त्यांनी एकेका थांब्यावर उतरवून ठेवलेली. ज्या बाईचा जो थांबा, तो फक्त सोजरबाईंना आणि त्या बाईला ठाऊक.

दर महिन्याला त्या माझ्या टेबलाशी बसायच्या. "लिवा मॅडम. मोहोळ, सातवा लागला. शेटफळ, गोळ्या संपल्या." मग इकडं तिकडं बघायच्या, वाकायच्या आणि खरं नाव माझ्या कानात सांगायच्या. चाळीस बायका, चाळीस वेळा कानात! एकदा मी वैतागून म्हटलं, "आणि हे वेळापूर कुठं गेलं? गाडी वेळापूरला थांबत नाही का तुमची?" तेव्हा त्या नुसत्या म्हणाल्या, "तितली सीट भरलीया, मॅडम. कवाचीच." मला वाटलं, चेष्टा करतायत.

शेवटी मी एक जाड पुठ्ठ्याचं नवंकोरं रजिस्टर त्यांच्या हातात ठेवलं. म्हटलं, "हे टाइमटेबल बास झालं. यात पूर्ण नावं, मोबाइल नंबर, सगळं लिहायचं. आणि पानांचे फोटो काढून सोमवारपर्यंत मला व्हॉट्सॲपवर पाठवायचे." त्या म्हणाल्या, "व्हय मॅडम." शनिवारी सकाळी मी फोन करून विचारलं, झालं का? "झालंय की. फोटू बी काढल्यात. हितं रेंज लई कमी हाय, सोमवारी धाडते." मी खूश! अठरा वर्षांत कुणाला जमलं नाही ते मी करून दाखवलं, असं वाटलं. काय सांगू आता माझ्या अकलेची कहाणी.

रविवारी सकाळी मी घरी सोलापुरात चहा घेत होते. सोजरबाईंच्या नंबरवरून मेसेज आला, "लग्नाला यायचं हं." खाली लग्नपत्रिका. फोटो नव्हता, पीडीएफ नव्हती, फोनमध्ये ॲप बसवायची फाइल होती. मी कप खाली ठेवला. आठच दिवसांपूर्वी आमच्या कार्यालयात याचीच सूचना आलेली. ही पत्रिका उघडली की ॲप गुपचूप फोनमध्ये शिरतं आणि फोन चोरांच्या हातात जातो. मेसेज, ओटीपी, फोटो, सगळं त्यांना दिसतं. मग तीच पत्रिका तुमच्या नावानं तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना जाते. म्हणजे सोजरबाईंचा फोन गेला होता.

फोनमधल्या पैशांचं मला काही वाटलं नाही, तिथं होतेच कितीसे. मला एकच नाव आठवलं. संस्कृती.

संस्कृती चोवीस वर्षांची. दोन मुली. दुसरीच्या वेळी इतकं रक्त गेलं की तीच हाताला लागते की नाही असं झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं, तीन वर्षं दिवस राहता कामा नयेत, जिवाशी खेळ आहे. पण सासू म्हाळसाबाई ऐकते होय! तिला नातू हवा होता, तोही लगेच. थोरल्या सुनेला "हिला काय हुईत न्हाय" म्हणून तिनं माहेरी धाडलेलं, ती अजून परत आली नव्हती. संस्कृतीचा नवरा अमृत ट्रकवर असतो. त्याला सगळं ठाऊक होतं, बायकोच्या बाजूनं होता, पण आईपुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटते. तर संस्कृती दर तीन महिन्यांनी केंद्रावर येऊन पाळणा लांबवायची सुई घ्यायची. "पोरींचा डोस हाय" म्हणून सोजरबाई तिला घरातून बाहेर काढायच्या. आता हे सगळं तिच्या पूर्ण नावानिशी सोजरबाईंच्या फोनमध्ये, आणि फोन चोरांकडं. आणि हे करायला लावलं कुणी? मी!

सोजरबाईंना फोन लावला, लागेना. स्कूटी काढली आणि सुटले. वाटेत देवाला काय काय बोलले ते इथं सांगत नाही.

घरी पोचले तर रावजी शेळीला पाला घालत होते. सोजरबाई कळा सुरू झालेल्या एका बाईला घेऊन दवाखान्यात गेलेल्या. "आणि फोन?" "फळीवर हाय बघा. कालपासनं तापलाय लई. ती म्हणली, राहू दे हितंच." हातात घेतला तर खरंच तव्यासारखा गरम.

रावजींनी सगळं सांगितलं. सोजरबाईंचा अक्कलकोटकडचा चुलतभाऊ गुरप्पा, त्याच्या मुलीचं लग्न याच महिन्यात. शनिवारी दुपारी त्याच्या नंबरवरून पत्रिका आली. आता आमच्याकडं लग्नाला गेलं नाही तर एकवेळ चालतं, पण आमंत्रण बघितलंसुद्धा नाही म्हणजे भावकी कायमची तुटली समजा. सोजरबाईंनी ती उघडली. फोननं काय काय विचारलं, त्यांनी प्रत्येकाला हो म्हटलं. पत्रिका काही दिसेना. रेंज नसंल म्हणून पुन्हा उघडली. वर आणखी शहाणपणा, कुणाला आमंत्रण चुकायला नको म्हणून तीच पत्रिका दोन नणंदांना आणि एका भाच्याला स्वतःच्या हातानं पुढं पाठवली! गुरप्पाला बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याचाही फोन असाच गेलेला.

तेवढ्यात फोन हातातच वाजला. एक माणूस हिंदीत सुरू झाला. तुमच्या फोनमध्ये बायकांच्या कागदांचे फोटो आहेत, अर्ध्या तासात पंधरा हजार टाका, नाहीतर गावाच्या ग्रुपवर सोडतो. एरवी मी कुणाला ऐकून घेत नाही. तेव्हाही म्हटलं, "थांब रे भाड्या, तुझं नाव सांग आधी." त्यानं फोन ठेवला. मी सिमकार्ड काढलं, फोन बंद केला, माझ्या फोनवरून १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली. गावाच्या ग्रुपचे ॲडमिन दिग्विजय सर, शाळेत शिकवतात, त्यांना कळवलं की सोजरबाईंच्या नावानं आलेलं काहीही उघडू नका, सगळ्यांना सांगा. सर म्हणाले, "मॅडम, आत्ताच काहीतरी आलंय हो त्यांच्याकडून. सहा फोटो आहेत." त्या नालायकानं अर्धा तासही वाट बघितली नव्हती.

त्या ग्रुपमध्ये दोनशे चाळीस माणसं. मीही आहे. मी रावजींच्या बाजेवर बसले, ग्रुप उघडला. फोटोवर तो गोल नुसता फिरत होता. रेंज खरंच कमी होती. तेवढ्या वेळात मी संस्कृतीला माहेरी गेलेली बघितली, तिच्या पोरींना बघितलं, माझी नोकरी गेलेली बघितली. मग फोटो उघडला.

मोहोळ, २९, १, १. शेटफळ, ३५. माळशिरस, २४, २, ०, ३.

जुनी डायरी! तीच, थांब्यांची. सहा फोटोंपैकी तीन पानं डायरीची, बाकीच्यात एक शेळी, एक मिरच्यांचं वाळवण आणि एक रावजी झोपलेले. एकाही पानावर एकाही बाईचं नाव नव्हतं. आणि ग्रुपवर लोक काय म्हणत होते? "सोजरमावशी, हे एसटीचं नवीन वेळापत्रक का?" "नातेपुते गाडी किती वाजता आहे?" कुणीतरी विचारलं होतं, "काकांचा फोटो कशासाठी?"

मी हसायला लागले ते थांबेचना. हसता हसता ढसाढसा रडले. रावजी घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आले. देवा, सुटलो! इतकं हलकं मला दहावी पास झाल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं. दिग्विजय सरांनी फोटो काढून टाकले, पण तोवर बघणाऱ्यांनी बघितले होते. बघू देत की.

तोवर सोजरबाई आल्या. चपला फटाफट वाजवत, घामाघूम. "पोरगी झाली, तीन किलो," दारातूनच म्हणाल्या. मग माझं तोंड बघितलं. मी सगळं सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या. "आगं बाई! गुरप्पाची पत्रिका न्हवती ती?" आणि लगेच, "बायांचं काय न्हाय ना भायर पडलं?" मी म्हटलं, नाही. तेव्हा कुठं त्या पाणी प्यायल्या.

मला वाटलं, मिटलं. कसलं मिटतंय! अंगणात हाक आली, "सोजर, हाईस का गं?" म्हाळसाबाई. संस्कृतीची सासू. हातात फोन, आणि मागं, डोक्यावरचा पदर सावरत, संस्कृती.

म्हाळसाबाई बसली. तिनं फोन पुढं केला. तिनं फोटो आधीच उतरवून ठेवला होता. "ही तुजी डायरी हाय. लोकास्नी कळंना, मला कळतं. ह्या रेघा मी वळखते." गावभरात हिलाच कसं कळलं? "ह्या माळशिरसला वय चोवीस. दोन पोरी. पोरगा न्हाय. आन फुडं तीन म्हंजी काय, सुई का? कोण गं ही? चोवीस वर्सांची दोन पोरीवाली वस्तीत कितीजणी हायत?"

संस्कृती खांबाला धरून उभी होती. मी मध्ये पडून काहीतरी खोटं ठोकून द्यावं असा विचार करत होते, पण सोजरबाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

त्या म्हाळसाबाईकडं बघत होत्या. "म्हाळसा," त्या हळू म्हणाल्या, "एळापूर कोण गं?"

म्हाळसाबाईचा फोन धरलेला हात खाली आला.

"सांग की. सतरा वर्सं झाली. ह्या घरात ह्यांस्नी ठावं हाय? न्हाय. ह्या मॅडमला ठावं हाय? न्हाय. तुज्या मालकाला तू सांगितलंस? न्हाय. मी कुणाला सांगितलं का?"

"न्हाय," म्हाळसाबाई म्हणाली. आवाज इतका बारीक की तिचाच का असं वाटावं.

"मग माळशिरसचं मला इचारू नगंस. तुजं जसं ऱ्हायलं तसं तिचं ऱ्हाऊ दे. आज तुला सांगितलं तर उद्या तुजं कुणाला सांगीन, ह्याचा काय नेम?"

वेळापूरची सीट कधीची भरली होती ते मला तेव्हा कळलं. त्या सीटवर काय लिहिलंय ते मला आजही माहीत नाही. विचारलं नाही, विचारणारही नाही. म्हाळसाबाईनं पदरानं तोंड पुसलं, सुनेकडं न बघता "चल गं, पोरी रडत असतील" म्हणाली आणि निघाली. संस्कृती जाताना सोजरबाईंच्या पायाला हात लावून गेली. सासूला दिसलं असेल तर दिसो.

त्या दोघी गेल्यावर मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "सोजरबाई, ते नवं रजिस्टर कुठंय? झालंय म्हणाला होतात ना मला?" त्यांनी पिठाच्या डब्यामागून रजिस्टर काढलं. उघडलं. पहिल्या पानावर वर मधोमध "श्री" लिहिलेलं. खाली काही नाही. पुढची पानंही कोरी.

"खोटं बोललात माझ्याशी!"

"व्हय," त्या शांतपणे म्हणाल्या. "लिवाय बसले हुते की. पैलं नाव लिवाय गेले आन मल्लव्वा आठवली. हात वळंना. मग जुन्याच डायरीचं फोटू काढलं."

मल्लव्वा ही त्यांच्या शेजारची, बरोबरीची. सोजरबाईंचं आशाचं पहिलंच वर्ष. तेव्हा त्या सगळ्यांची खरी नावं लिहीत. एक दिवस रजिस्टर अंगणवाडीच्या खिडकीत विसरलं. मल्लव्वाचा दीर तिथं पोराला आणायला आला, त्यानं पान वाचलं. मल्लव्वाला कसली गोळी चालू आहे ते त्यानं घरी जाऊन सांगितलं. संध्याकाळच्या आत तिला माहेरी पोचवलं. "मी दोनदा गेले तिला बगाय," सोजरबाई म्हणाल्या. "माज्याशी बोलली न्हाय. तिचं बी बराबरच हाय. तवापासनं नाव लिवलं न्हाय, मॅडम. तुमी किती बी वरडा."

मी ओरडले नाही. मी तिथंच त्यांना सॉरी म्हटलं, आणि मला ते म्हणायची सवय नाही. मग त्यांनी मला भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली, आणि मी तीन भाकरी खाल्ल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन मी सायबर पोलिसांकडं गेले. त्यांनी फोन पूर्ण पुसून दिला, व्हॉट्सॲपला वेगळा आकडी पिन लावून दिला. सोजरबाईंना बजावलं, पत्रिका आली तर आधी फोन करून विचारायचं, बाबा, तूच धाडलीस का? "आन पावण्याला राग आला तर?" त्यांनी साहेबांना विचारलं. साहेब हसले, म्हणाले, "राग आला तर आम्हाला नंबर द्या त्याचा." दोन नणंदांचे आणि भाच्याचेही फोन साफ झाले. केंद्रावर परत आले आणि माझ्या कॉम्प्युटरकडं बघितलं. स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला पिवळा कागद, त्यावर माझा पासवर्ड, माझंच नाव आणि जन्मसाल. वर्षभर तसाच! चाळीस बायकांच्या नावांची किल्ली दाराला लटकवून मी बाईला रजिस्टरचे नियम शिकवत होते. कागद फाडला, पासवर्ड बदलला. नवा काय ते सांगणार नाही.

आता त्या दर महिन्याला येतात, डायरी उघडतात. "लिवा मॅडम. मोहोळ, बाळंत झाली." मग वाकतात. मी कान पुढं करते, आणि आधी दार लावून घेते.

परवा संस्कृतीच्या सुईला तीन महिने झाले. मी आणि सोजरबाई सर्वेला म्हाळसाबाईच्या दारात गेलो होतो. सोजरबाई तोंड उघडून "पोरींचा डोस" म्हणणारच होत्या, तेवढ्यात म्हाळसाबाई आतून बाहेर आली. धाकट्या नातीला कडेवर घेतलेलं, थोरली पदराला लोंबकळत होती.

"सोजर," ती म्हणाली, कुणाकडंच न बघता, "तीन म्हैने झालं की गं. माळशिरसची गाडी आली न्हाय का आजून?"

सोजरबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "आजच हाय," त्या म्हणाल्या.

"मग चुकवू नगा. पोरींना मी बगते." आणि आत वळून तिनं हाक मारली, "संस्कृती, चप्पल घाल गं. ह्या बायांसंगं जाऊन ये."